हँग होणारा कॉम्प्युटर आणि ‘डिस्क दुरुस्ती’चा तो मेसेज

कॉम्प्युटर मधेच हँग होत असेल तर काय करायचं, हे सांगणारा एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: हँग होतोय म्हणजे हार्ड डिस्क गेली. पण स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तीत) ‘गुड’ दिसत असेल तर डिस्क ठणठणीत. शंका असेल तर चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा ‘स्लॅश आर’ लावून चालवा, बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले छोटे भाग) दुरुस्त होतात. तरी जमलं नाही तर फॉरमॅट मारा. आणि डिस्क दिसेनाशीच झाली तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. या पाचही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पुढे पाठवला जातो. पण त्यात ‘आधी डेटा दुसरीकडे काढून घ्या’ हे एकदाही येत नाही, आणि त्यापायी लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हँग होतोय म्हणजे डिस्क गेली.’ आधी हँग कसा होतो ते बघा. माउस जागचा हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवा दाबूनही बदलत नाही, आवाज एकाच सुरावर अडकतो. असं असेल तर संशय रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), ग्राफिक्स कार्ड किंवा तापमानावर घ्यावा. रॅमसाठी मेमटेस्ट हा तपासणी प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. याउलट माउस फिरतोय, पण जे उघडायला जाल ते अडकतं, डिस्कचा दिवा न लुकलुकता सलग पेटलेला राहतो आणि थोड्या वेळाने अडलेलं सगळं एकदम उघडतं, तर दुखणं डिस्कच्या बाजूला आहे. न वाचता येणारा सेक्टर डिस्क पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज ताटकळत बसतं.

‘डिस्कच्या बाजूला’ म्हणालो, ‘डिस्कमध्ये’ नाही. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम लॉगमध्ये हँग झाला त्या वेळच्या नोंदी पाहा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद असेल तर बॅड ब्लॉक सापडलाय. १२९ असेल तर डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं, आणि त्याला केबल, वीज, पोर्ट, फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) यांपैकी काहीही कारणीभूत असू शकतं. २०११च्या जानेवारीत इंटेलने आपल्या ६ सिरीज चिपसेटमधला (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधला) दोष जाहीर केला होता: डिस्क जोडायचे ३ गिगाबिटवाले साटा पोर्ट काळानुसार कमकुवत होत जायचे. अशा मदरबोर्डवर डिस्क बदलून काय होणार? क्रूशल एम४ या एसएसडीत तर ५,१८४ तास वापर झाला की ड्राइव्ह प्रतिसाद देणं थांबवायची. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की सुमारे तासभर ठीक, मग पुन्हा तेच. २०१२च्या सुरुवातीला आलेल्या फर्मवेअरने तो प्रश्न सुटला. ती एसएसडी मेलेली नव्हती.

‘स्मार्ट गुड आहे, म्हणजे डिस्क ठणठणीत.’ गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांत स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही नव्हती. मात्र पहिली स्कॅन एरर (पृष्ठभागाच्या तपासणीत सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता अशी एरर न आलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे स्मार्ट धोका दाखवत असेल तर विश्वास ठेवा. दाखवत नसेल तर निश्चिंत होऊ नका.

आणि ‘गुड’ हा एक शब्द वाचून थांबू नका. स्मार्टचे आकडे दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडलात की खालच्या यादीत ०५, सी५, सी६, सी७ या ओळी आणि त्यांची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) बघा. ते आकडे सहसा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत असतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६. ०५ म्हणजे राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, सी६ म्हणजे तपासणीतही न वाचले गेलेले. सी७ बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवतो. तो आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून लिहून ठेवा, केबल बदला आणि पुढे वाढतो का तेवढं पाहा.

‘चेकडिस्क बॅड सेक्टर दुरुस्त करते.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. चेकडिस्क फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब) सुसंगत करते, डिस्कचा पृष्ठभाग नाही. ‘स्लॅश आर’ लावलं की ती डिस्कचा कानाकोपरा वाचून काढते. डिस्क आधीच अडखळत असेल तर हे तासन्‌तास चालतं, आणि उरलेलं आयुष्य त्यातच खर्ची पडू शकतं. वर ती त्याच डिस्कवर लिहीतही असते. ‘फाइलमधले खराब क्लस्टर (सेक्टरांचे गट) बदलले’ अशी ओळ पडद्यावर आली की लोकांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात फाइलचं नाव तेच राहिलं, पण न वाचलेला तुकडा कायमचा गेला. फोल्डर विस्कटले असतील तर ‘फाउंड.०००’मध्ये बिननावाचे तुकडे हाती येतात.

सी५ किंवा सी६ शून्याहून जास्त असेल तर आधी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा. साध्या कॉपीत अडकत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू हा अडखळणाऱ्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरा. ते सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अवघड भाग नंतरसाठी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. ती प्रत हाती आल्यावर चेकडिस्क चालवायचीच असेल तर त्या प्रतीवर चालवा.

‘फॉरमॅट मारा, सुटेल.’ कारण सॉफ्टवेअरचं असेल तर सुटेलही. पण क्विक फॉरमॅट पृष्ठभाग तपासतच नाही. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्य लिहितं. त्या लिहिण्यात ताटकळलेले सेक्टर नव्याने लिहिले जातात किंवा राखीव जागेवर हलतात, सी५ शून्य दिसतं आणि डिस्क बरी झाल्यासारखी वाटते. त्यानंतर ०५ वाढलेलं असेल तर ती डिस्क महत्त्वाच्या कामाला ठेवू नका.

‘फ्रीझरमध्ये ठेवा.’ नका ठेवू. बाहेर काढल्यावर दमट हवेत तबकड्यांवर दव धरतं, आणि वाचणारं-लिहिणारं हेड तर तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज बंद करा, पुन्हा सुरू करून बघू नका आणि डेटा हवाच असेल तर डिस्क आहे त्या स्थितीत डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.