स्ट्रिक्ट चहा

रविवारी सकाळी मी पोह्यांची बशी हातात घेतो न घेतो तोच आमच्या पाचवीतल्या कन्येने इंग्रजीची वर्कशीट पुढ्यात आदळली. डावीकडे विशेषणं, उजवीकडे नामं. जोड्या लावा, गुण १०. सोमवारी चाचणी. तिची आई गणित घेते, विज्ञान घेते, मराठीही घेते. इंग्रजी माझ्याकडे, कारण मी ऑफिसात इंग्रजीतून मेल लिहितो. त्या मेलमध्ये 'प्लीज फाइंड अटॅच्ड'च्या पलीकडे फारसं काही नसतं, हे मी घरी अजून बोललेलो नाही. शिवाय मी पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढीतला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर माझी गाडी फलाटावरून सुटून गेली होती.

पहिली जोडी तिने आधीच लावून ठेवली होती. चहाला 'स्ट्रिक्ट'.

"स्ट्रिक्ट टी?"

"कडक चहा. कडक म्हणजे स्ट्रिक्ट. पीटीचे सर स्ट्रिक्ट आहेत ना, तसं."

आता यात पोरीचं काय चुकलं? आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक, कालची भाकरी कडक, बँकेतून आणलेली कोरी नोट कडक आणि पीटीचे सरही कडक. एकच शब्द बिचारा सगळीकडे राबतो. इंग्रजांनी त्याच्या जागी सहा नोकर ठेवलेत. चहाला स्ट्राँग, उन्हाला हार्श, कॉलरला स्टिफ, भाकरीला हार्ड, नोटेला क्रिस्प, सरांना स्ट्रिक्ट. आजीच्या कडक सोवळ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांच्यावर आलाच नसावा.

"मग जोराचा पाऊस म्हणजे स्ट्राँग रेन?"

"नाही. हेवी रेन."

"आणि जोराचा वारा हेवी विंड?"

"नाही. तो स्ट्राँग."

"का?"

मी पोह्यातली मिरची शोधण्यात थोडा वेळ काढला. मग एकदम सुचलं. "पाण्याला वजन असतं. वाऱ्याला कुठे असतं?"

स्वतःवर इतका खूश मी बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो. तिने मात्र तोवर शब्दकोशात 'हेवी'चं पान काढलं होतं.

"ट्रॅफिक हेवी का?"

"गाड्यांना वजन असतं."

"आणि हेवी स्मोकर? तो जाडा असतो?"

उदाहरणाशिवाय शिकवू नये म्हणतात. म्हणून मी आवाज खाली आणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उदाहरण दिलं. काका म्हणजे नुसती काठी. पण पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने दिवसातून पाच वेळा गच्चीवर जातात आणि टाकीमागे थोटकांचा सडा असतो. काकूंच्या समजुतीप्रमाणे त्यांनी सिगारेट लेकीच्या लग्नातच सोडली. "वजन माणसाचं नाही, सवयीचं," मी म्हणालो. हे तिला मनापासून पटलं. सकाळभरात पटलेली ती एकच गोष्ट.

पुढे फास्ट आणि क्विक. डोंबिवलीच्या पोरीला लोकल फास्ट असते हे शिकवावं लागत नाही. पण आंघोळ क्विक का, फास्ट का नाही, यावर मी गॅलरीत सटकलो आणि मोबाइल उघडला.

तिथे भलताच धीर मिळाला. मायकेल हॅलिडे या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली नेमका चहाच पुढ्यात घेतलेला. म्हणे चहा स्ट्राँग चालतो, पॉवरफुल चालत नाही. गाडी पॉवरफुल चालते, स्ट्राँग नाही. युक्तिवाद मात्र दोन्ही चालतो. त्याचे गुरू जे. आर. फर्थ यांचं म्हणणं, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे फर्थसाहेब १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. तिथल्या पोरांनी 'सर, का?' विचारून त्यांना बेजार केलं असणार, असा माझा दाट संशय आहे. (संशयही दाट, धुकंही दाट आणि मैत्रीही. हे कन्येला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी मनातच म्हणालो.)

ज्ञान घेऊन आत आलो, तर स्वयंपाकघरात वेगळीच शिकवणी सुरू होती.

"आजी, ही भाकरी सडलीय."

"सडतो तो आंबा," आजी हातातली कोथिंबीर निवडत म्हणाली. "भाकरी शिळी होते. दूध नासतं, भाजी विटते, पीठ आंबतं, खोबरं खवट होतं आणि पाव बुरसतो."

"का?"

"का म्हणजे? म्हणतात तसं."

आणि कन्या गप्प! पुन्हा 'का' नाही, शब्दकोश नाही. हेच उत्तर मी सकाळी दिलं असतं तर 'बाबांना येत नाही' ही बातमी दुपारपर्यंत तिच्या मावशीकडे पोचली असती. आजीने वर तिला कामाला लावलं. लाल कसा? भडक. पिवळा? धमक. आंबट? ढाण. गोड? मिट्ट. पोरगी टाळ्या देत म्हणत होती. मग मीही बशीवर चमचा वाजवत 'हेवी?' 'रेन!' 'स्ट्राँग?' 'टी!' सुरू केलं. दहा मिनिटांत दहाच्या दहा जोड्या जमल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, आमचा डबा परत द्यायला. आत करंज्या.

"काय गं, परीक्षा ना उद्या? झाला का अभ्यास?"

"झाला! इंग्रजीतलं वाक्य म्हणून दाखवू?"

मी करंजी तोंडात घातली होती, त्यामुळे मला वेळेवर बोलता आलं नाही.

"अंकल इज अ हेवी स्मोकर!"

काकूंनी कौतुकाने तिचा गालगुच्चा घेतला. "हेवी कुठले गं, पंचावन्न किलोसुद्धा भरत नाहीत," म्हणाल्या आणि हसत हसत निघाल्या.

जिन्यात तिसऱ्या पायरीवर चपलांचा आवाज थांबला.