'लिफ्ट : आहे'

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर. लाकडी जिना, वर कौलं. कर्जासाठी व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारे, आले. ओट्यावरूनच मोबाइलवर दोन फोटो, टेप खिशातच, चहासुद्धा नको! रिपोर्टात काय? 'लिफ्ट : आहे.' अहो, कुठे? कोनाड्यात? आणि खाली ऐटीत शिक्का, 'आंतरराष्ट्रीय मानकांनुसार'! २०१७ च्या नियमांनी व्हॅल्युअरांसाठी परीक्षा आणली, नोंदणी आणली. आता जिना चढायलाही वेगळा नियम हवा का? शेजारच्या काकांना तर थेट विचारलं, "किंमत किती दाखवू?" आकडा आम्हीच सांगायचा तर फी कसली घेता? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तिचा रिपोर्टात थेंबही नाही. जंत्रीचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, दर मात्र इमानेइतबारे उतरवलाय. तोही पलीकडच्या रस्त्याचा!