कोणीच न दिलेले पैसे

परवा चुलत भावाचा फोन आला होता. बोलता बोलता गाडी लाडक्या बहिणींवर आली. "तिजोरी रिकामी केली या बायकांनी. तुमच्याकडे जर्मनीत बरं, कोणी कोणाला फुकट देत नाही." मी म्हटलं, अरे, मलाच मिळतात की. दोन मुलांचे मिळून महिन्याला ५१८ युरो. क्षणभर थांबून तो म्हणाला, "ते वेगळं."

काय वेगळं, हे मी तेव्हापासून शोधतोय.

जर्मनीत मुलामागे दरमहा २५९ युरो मिळतात. नाव किंडरगेल्ड. मी इथला नागरिक नाही, मतदार नाही आणि गरीब तर मुळीच नाही. मूल झाल्यावर एकदा अर्ज केला, त्याचा आणि आमचा करक्रमांक दिला, विषय संपला. मर्केल गेल्या, शोल्झ आले, गेले, आता मेर्त्स आहेत. हप्ता येतोच आहे. बँकेच्या नोंदीत एक लांबलचक क्रमांक असतो, कोणाचा हसरा फोटो नसतो. हे पैसे मला कोणी दिले असं विचारलं तर नाव सांगता येणार नाही.

लाडक्या बहिणीला मात्र कोणी दिले हे पक्कं माहीत असतं. योजना जुलै २०२४ पासूनची, पहिले दोन हप्ते राखीपौर्णिमेच्या आधी जमा झाले, निवडणूक नोव्हेंबरात. महिना १५०० रुपये, म्हणजे ओवाळणी. आता ओवाळणी किती घालायची, कधी घालायची आणि कोणत्या बहिणीला, हे भाऊ ठरवतो. प्रचारात २१०० चा शब्द दिला गेला, पण बहीण तो मागणार कुठे? पुढच्याच वर्षी छाननी सुरू झाली आणि सुमारे २६ लाख नावं अपात्र असल्याचं सरकारनेच सांगितलं. त्यात चक्क पुरुषही निघाले. मग ई-केवायसी आली. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक हवा. ज्यांना दोघेही नाहीत त्यांनी काय करायचं, हे सुचायला सरकारला काही आठवडे लागले.

अट आली की ती तपासणारा आला, त्याला चुकवणारा आला, आणि दोघांमध्ये खरी गरजू बाई चेंगरली. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाच्या, म्हणजे प्रत्येकाला विनाअट ठरावीक रक्कम देण्याच्या, बाजूचा मला पटणारा मुद्दा एवढाच आहे. सगळ्यांनाच द्यायचं ठरलं तर बोगस लाभार्थी उरतच नाही, फार तर मेलेल्या माणसाचं नाव काढायचं राहील.

"लोक आळशी होतील" या आक्षेपात मला फारसा दम वाटत नाही. फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले. ते खाटेवर पडून राहिले नाहीत. कामाचे दिवस उलट किंचित वाढले. पण अगदीच किंचित, हेही सांगायला हवं. फरक पडला तो मनावरच्या ताणात आणि सरकारी संस्थांवरच्या विश्वासात. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या काही गावांत 'सेवा' संस्थेने २०११-१२ च्या सुमारास असाच प्रयोग केला, आणि पैसे दारूच्या गुत्त्यात गेले नाहीत.

अडचण आहे ती पैशाची. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी हिशोब मांडला होता: माणशी वर्षाला ७,६२० रुपये, तेही तीन चतुर्थांश लोकांनाच, तरी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास पाच टक्के. एवढे पैसे काढायला रेशन आणि खतांच्या अनुदानालाच हात घालावा लागेल, आणि रेशन काढून रोख देण्याला माझा विरोध आहे. धान्याचा भाव वाढला तर रोख रक्कम आपोआप वाढत नाही.

आणि जर्मनीचे गोडवे गाऊन थांबलो तर ती लबाडी होईल. बेरोजगारांच्या भत्त्यावरून इथेही तीच भांडणं आहेत. कामावरचे माझे सहकारी जेवणाच्या सुट्टीत ऐतखाऊंबद्दल जे बोलतात, ते माझ्या भावाच्या तोंडी जसंच्या तसं शोभेल. २०२५ मध्ये आलेल्या सरकारने हा भत्ता कडक करायचं ठरवूनच कारभार हाती घेतला. तरी एक भिंत मध्ये उभी आहे. २०१९ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की जगण्यापुरती रक्कम ही मानवी प्रतिष्ठेची बाब आहे आणि कामाच्या अटी मोडल्या म्हणून ती सरसकट ३० टक्क्यांहून जास्त कापणं घटनेत बसत नाही.

अशी भिंत महाराष्ट्राने कधी बांधलीच नाही असं नाही. बहात्तरच्या दुष्काळात वि. स. पागेंची रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. शहरातल्या पगारदारांनी त्यासाठी व्यवसाय कर भरला. रोजगार हमीच्या खडीवर राबलेल्या बाईला कोणी लाडकी म्हटलं नाही, पण काम मागायचा हक्क तिचा होता.

म्हणून सगळ्यांना मूलभूत उत्पन्न वगैरे राहू द्या. सुरुवात म्हाताऱ्यांपासून करा. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसासाठी केंद्राचा वाटा आजही महिना २०० रुपये आहे, २००७ पासून तेवढाच. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत बसायला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागत आलंय. लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची. निराधार ठरायला लाडकीपेक्षा बारा पट गरीब असावं लागतं! पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाला, दाखला न मागता, कायद्याने ठरलेली आणि महागाईबरोबर वाढणारी रक्कम द्या.

भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे कारखानदाराच्या आईलाही?" हो, तिलाही, आणि मुलाकडून करात वसूल करा. माझ्या साहेबालाही किंडरगेल्ड मिळतं. (शिवाय त्याचा पगार इतका आहे की करसवलतीत त्याचा माझ्याहून जास्त फायदा होतो, ते मला पसंत नाही, पण तो वेगळा लेख.)

"आणि तुझ्या आईला?" त्याने विचारलं. तिचे दाखले गोळा करायला तलाठ्याकडे चकरा मारतो तो हाच. मी इथून नुसती मतं देतो.

"तिलाही," मी म्हटलं. "तुझ्या चकरा वाचतील."

"मग मला चालेल," तो म्हणाला.