शेतातली मोडकी पायरी कुणी दुरुस्त करायची?

इंग्लंड-वेल्समधले आपले बरेच लोक सुट्टीच्या दिवशी शेतांतून चालायला जातात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथला ‘पब्लिक फुटपाथ’ म्हणजे खासगी शेतातून जाणारी वहिवाटीची पायवाट. ‘ब्रायडलवे’ म्हणजे घोडेवाट; तिच्यावरून पायी, घोड्यावर आणि सायकलवरही जाता येतं. कुंपण ओलांडायची लाकडी पायरी, म्हणजे ‘स्टाइल’, मोडलेली दिसली की आपण लगेच काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, नावानं बोटं मोडतो. पण ते काम मुळात जमीनमालकाचं.

१९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम १४६ याबाबत स्पष्ट आहे. गुरं शेताबाहेर जाऊ नयेत म्हणून पायरी किंवा फाटक लागतं, म्हणजे सोय मालकाची. ते सुस्थितीत ठेवायचं त्यानंच. रास्त खर्चाचा किमान चौथा हिस्सा काउन्सिलनं द्यायचा. मालक ढिम्म हलला नाही, तर १४ दिवसांची नोटीस देऊन काउन्सिल स्वतः दुरुस्ती करू शकतं आणि पैसे त्याच्याकडून वसूल करू शकतं. वाटेचा पृष्ठभाग आणि ओढ्यावरचे साकव मात्र बहुतेक ठिकाणी काउन्सिलकडेच असतात.

पायरीवर पाय देण्याआधी खांब हलवून बघा. लाकूड कुजतं ते जमिनीलगत, जिथे ओल आणि हवा दोन्ही लागतात. वरचा भाग ठणठणीत दिसतो आणि वजन पडलं की खांब बुडातून मोडतो. फळीचे खिळे सैल झाले असतील तर ती पायाखाली फिरते. सावलीतल्या फळीवर शेवाळ असतंच.

फाटकाचं दुखणं वेगळं. बिजागरीकडचा खांब कलला की कडीची बाजू खाली बसते, जमिनीला घासते, कडी खाचेत बसत नाही. मग कुणीतरी सुतळीनं बांधून टाकतं. चालणारा गाठ सोडेल, घोडेस्वारानं काय करायचं? घोडेवाटेवरचं फाटक कायद्यानं किमान ५ फूट रुंद हवं. कडीही खोगिरावर बसून हाताला लागायला हवी. आपोआप मिटणारं फाटक फार जोरात मिटलं तर घोड्याच्या मागच्या पायांवर आदळतं, आणि बिथरलेला घोडा स्वाराला पाडतो.

तक्रारीत नुसतं ‘स्टाइल तुटली’ लिहू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशावरचा ग्रिड रेफरन्स (जागा नेमकी सांगणारी अक्षरं-आकडे), वाटेचा क्रमांक, एक लांबून आणि एक जवळून काढलेला फोटो, आणि नेमकं काय मोडलंय ते द्या.

आणखी एक विचारा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ही पायरी हवीच कशाला? वाटेच्या अधिकृत नोंदीत ती नसेल आणि काउन्सिलनं परवानगीही दिली नसेल, तर तो कायद्यानं अडथळा ठरतो. शेतात आता गुरंच नसतील, तर नुसती मोकळी फट पुरते. बीएस ५७०९ हे ब्रिटिश मानकही हाच क्रम सांगतं: आधी फट, मग फाटक, पायरी अगदी शेवटी. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. जुनी पायरी कुजली की तशीच नवी ठोकून देतात. तसं होण्याआधीच काउन्सिलच्या राइट्स ऑफ वे अधिकाऱ्याला, म्हणजे सार्वजनिक वाटा बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लिहा.