‘सिग्नल एसी आहे, वायर कशीही जोडा’: हा सल्ला ऐकू नका

स्टीरिओ जोडताना हमखास मिळणारा सल्ला: ‘ऑडिओ सिग्नल एसी (सतत दिशा बदलणारा प्रवाह) असतो, त्याला कसलं प्लस-मायनस? स्पीकरची वायर कशीही जोडा. बास कमी वाटला तर नॉब वाढवा. स्पीकर काही जळत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपून जातं.

सिग्नल एसी असतो हेही बरोबर. पण स्टीरिओत प्रश्न एका स्पीकरचा नसून जोडीचा आहे. गायकाचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही चॅनेलना सारखाच दिलेला असतो. दोन्ही स्पीकरचे कोन (पुढे-मागे हलून आवाज काढणारे पडदे) एकाच वेळी पुढे आले की तो बरोबर मधून, जिथे स्पीकर नाहीच तिथून, ऐकू येतो. स्टीरिओची सगळी जादू हीच! एका स्पीकरची लाल-काळी (प्लस-मायनस) वायर उलटली की एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो. गायक मधून नाहीसा होतो आणि आवाज नक्की कुठून येतोय तेच कळेनासं होतं.

बासचं नुकसान तर सरळ मोजता येतं. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर असते. त्यापुढे दोन स्पीकरमधलं दोन मीटरचं अंतर किरकोळ. त्यामुळे एकाने हवेचा दाब वाढवला की दुसरा तो तिथल्या तिथे खाऊन टाकतो. 5000 हर्ट्झची लहर जेमतेम 7 सेंटिमीटरची. तिथे असा सरसकट नाश होत नाही. म्हणून आवाज पोकळ, बिनबुडाचा वाटतो.

नॉब वाढवून काय होणार? दोन्ही बाजूंचा बास सारखाच वाढतो आणि सारखाच कटतो. अॅम्प्लिफायर मात्र फुकट राबतो.

दोन्ही स्पीकर उलटे असतील तर? जोडी जुळलेलीच राहते. फरक पडलाच तर फार सूक्ष्म. त्यासाठी झोप घालवू नका.

खात्री करायची तर दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून जवळ ठेवा आणि भरपूर बास असलेलं काहीतरी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देऊन, वाजवा. मग अॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरची वायर उलटा आणि पुन्हा तेच ऐका. ज्या जोडणीत बास भरदार येतो, ती बरोबर.