मंगळसूत्राखालचा माइक आणि दुपारचा खेळ

"बाईने काढला तर तो बायकांचा सिनेमा, पुरुषाने काढला तर बायकांवरचा," असं मिनू म्हणाली आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरची अख्खी संध्याकाळ त्या एका वाक्यावर गेली. मिनू सहायक दिग्दर्शक, ताई संकलक, पक्या लोकेशन साउंडवाला आणि अण्णा चित्रपट वितरणातले.

पहिला हात अण्णांनी घातला. "मग 'बाईपण भारी देवा' कुठल्या रांगेत बसवशील? दिग्दर्शक केदार शिंदे, लेखिका वैशाली नाईक. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. ३० जून २०२३ ला लागला आणि बायका घोळक्याने, साड्या नेसून, ठरवून आल्या. त्यांना कुणी सांगायला गेलं होतं का, की दिग्दर्शक पुरुष आहे, तेव्हा हा तुमचा सिनेमा नाही?"

"गर्दी बायकांची झाली म्हणून नजर बायकांची होत नाही, अण्णा," मिनू म्हणाली.

"नजरेचं नंतर बघू," ताई म्हणाली. "आधी घड्याळ लावा. बाईवर शॉट किती वेळ थांबतो ते मोजा, म्हणजे सिनेमा कुणाचा ते कळेल."

तिने उदाहरण घेतलं पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'चं. मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पाम दोरच्या खालोखालचा सन्मान. शाजी करुण यांच्या 'स्वाहम'नंतर ३० वर्षांनी मुख्य स्पर्धेत गेलेला भारतीय चित्रपट. मुंबईतल्या इस्पितळात काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्स आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे छाया कदम. मल्याळम, हिंदी, मराठी, तिन्ही भाषा ज्या घरात जशा बोलल्या जातात तशाच येतात. त्या नर्सांपैकी प्रभाचा नवरा जर्मनीला गेलेला. एक दिवस पार्सल येतं, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत जर्मन बनावटीचा राइस कुकर. रात्री ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि तो कुकर कवटाळते.

"हा शॉट चार सेकंदांत कापला तर काय उरतं? नवऱ्याने कुकर पाठवला, एवढी बातमी. थांबलात तर तिचं एकटेपण दिसायला लागतं. आणि संकलनाच्या टेबलावर पहिली कात्री अशाच शॉटला लागते, कारण संवाद नाही, गोष्ट पुढे सरकत नाही. लांबी दहा मिनिटांनी कमी करा म्हटलं की मारामारी कुणी कापत नाही. बाई भांडी घासतेय, बाई खिडकीत उभी आहे, ते जातं. असे वीस शॉट गेले की बाई पडद्यावर असते, पण तिचं आयुष्य गेलेलं असतं."

मिनूने बेक्डेल चाचणी काढली. अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकर्तीच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीतून आलेले तीन नियम: चित्रपटात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात.

"कुकरचा प्रसंग त्यात नापास," ताई म्हणाली. "बाई एकटी, बोलत नाही, आणि आठवण नवऱ्याची. उलट दोन बायका साडीच्या रंगावर एक वाक्य बोलल्या की आख्खा मसालापट पास. शंभर चित्रपट एकदम चाळायचे तर वापर ही चाचणी. एका चित्रपटावर मत द्यायला ती कामाची नाही."

मग दोन पुरुषांचे चित्रपट तिनेच पुढे ठेवले, मिनूच्या वाक्याला छेद द्यायला. जिओ बेबींचा 'द ग्रेट इंडियन किचन', २०२१ चा, मल्याळम. आणि जयंत सोमलकरांचा 'स्थळ', विदर्भातला, मार्च २०२५ मध्ये थिएटरात आलेला, त्याआधी टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळवलेला. 'स्थळ'मध्ये मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा येतो. तीच सतरंजी, तोच चहा, तेच प्रश्न, तीच मान खाली घातलेली सविता. "एरवी पटकथेच्या वर्गात शिकवतात, पुनरावृत्ती टाळा. इथे पुनरावृत्ती हाच विषय आहे. पहिल्यांदा आपण हसतो, दुसऱ्यांदा अवघडतो, नंतर ती खोलीत यायच्या आधीच पोटात गोळा येतो. हे पुरुषाने केलंय, आणि नीट केलंय."

'किचन'मधल्या सिंकखालच्या गळक्या पाइपबद्दल ती बराच वेळ बोलली. बायको नवऱ्याला सांगते, प्लंबर बोलव. तो विसरतो. पुन्हा सांगते, पुन्हा विसरतो. तुंबलेलं, घाण पाणी रोज तिच्या हाताखाली. कथेत त्या पाइपला एखाद्या मारहाणीच्या प्रसंगापेक्षा जास्त वजन आहे, कारण मारहाण बघून प्रेक्षक म्हणतो, आमच्याकडे असं नाही. पाइप मात्र घरोघरी गळतो. मोठ्या ओटीटींनी नाकारल्यावर तो चित्रपट एका छोट्या मल्याळम मंचावर आला होता. पुढे आरती कडव यांनी त्याचा हिंदी 'मिसेस' केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये.

"आणि तो मल्याळम चित्रपट उभा आहे आवाजावर," पक्या आता पहिल्यांदा बोलला. "पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. चिरणं, वाटणं, तळणं, घासणं. मिनू चुकतेय असं मला वाटत नाही, फक्त ती दिग्दर्शकाच्या खुर्चीकडे बघतेय. माझ्या खात्याकडे बघ. साडीतल्या बाईला लेपल माइक, म्हणजे कपड्यात लपवायचा तो छोटा माइक, कुठे लावायचा, सांग."

हा मुद्दा एरवी कुणी बोलत नाही, म्हणून सगळंच लिहून ठेवतो.

पुरुषाच्या शर्टाला बटणपट्टी असते. दुसऱ्या बटणामागे माइक लपला की काम झालं. साडीत छातीवर पदर, आणि पदर दर हालचालीला सरकतो. माइकवरून कापड घासलं की जी खरखर येते ती नेमकी स, श, च या व्यंजनांच्या पट्ट्यात बसते, त्यामुळे नंतर गाळायला गेलं की शब्दच बोथट होतात. वर मंगळसूत्र. वाटी आणि मणी माइकवर टकटक आपटतात. रेशमी साडी कुरकुरते, नवी खळ असलेली सुती साडी त्याहून जास्त. ती आधी एकदा धुऊन घ्यायची हे वेशभूषेला आठवडाभर आधी सांगावं लागतं, सेटवर सांगून उपयोग नाही.

उपाय असा. माइकची घुंडी ब्लाउजच्या गळ्याच्या शिवणीला आतून लावायची, किंवा खांद्यावर पदराच्या निऱ्यांना पिन असते तिथे. कापडी चिकटपट्टीचे दोन छोटे त्रिकोण घडी घालून, चिकट बाजू बाहेर ठेवून, घुंडी दोन्हींच्या मधे धरायची, म्हणजे कापड कापडाला चिकटून राहतं आणि घासत नाही. घुंडीखाली वायरचा एक लहान वेढा सैल सोडायचा, नाहीतर मान वळली की ओढ थेट घुंडीवर येते. माइकचा आवाज पाठवणारा ट्रान्समीटर पाठीमागे कमरेला, परकराच्या नाडीला लावला तर वजनाने खाली ओढतो. मांडीला किंवा कमरेला रुंद पट्टा बरा. काचेच्या बांगड्या संवादाच्या क्लोजअपमध्ये बारीक पारदर्शक दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि शॉट झाल्यावर त्यांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्यायचा. भाकरी थापायचा प्रसंग असेल तर मात्र बांगड्या बांधायच्या नाहीत, तिथे बांगडीच बोलते. वरून बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायचा.

"आता मला सांगा," पक्या म्हणाला, "ब्लाउजच्या आतून हे सगळं लावणार कोण? साउंडच्या तुकडीत एकही बाई नसेल तर दोन गोष्टी होतात. एक, माइक बाहेरून लागतो आणि तो लपवायला पदर आमच्या सोयीने नेसवला जातो, मग नटी मान वळवायला कचरते. दोन, लेपल सोडूनच देतात आणि नंतर डबिंग. डबिंगमध्ये शब्द येतात, पण चुलीपुढे वाकून बोलताना दबलेला श्वास येत नाही. पडद्यावर बाई खोटी का वाटते, याचं कारण कधीकधी एवढंच असतं. लावायच्या आधी विचारायचं, आडोशाला लावायचं, आणि शक्यतो बाईनेच लावायचं. हे साधं आहे, पण त्यासाठी तुकडीत बाई नेमावी लागते."

मिनूला इथे बळ आलं. तुकडीत बाई नेमायची तर तिच्यासाठी स्वच्छतागृह लागतं, आणि प्रॉडक्शनच्या यादीत जनरेटर असतो, पाण्याचे जार असतात, हे नसतं. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीवर केरळच्या हेमा समितीने केलेला अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारकडे गेला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यात लैंगिक शोषणाबरोबर हेही नोंदलंय की सेटवर सोय नसल्याने बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. "बारा तासांची शिफ्ट, उन्हातलं शेत, आणि जवळचं घर दोन किलोमीटरवर. सहायक कॅमेरावाली मुलगी दुसऱ्या शेड्यूलला येत नाही, आणि मग म्हणतात, मुली टिकत नाहीत."

अण्णा बराच वेळ गप्प होते. "हे सगळं मान्य," ते म्हणाले. "पण चित्रपट काढून झाला की तो माझ्या दारात येतो, आणि तिथे मरतो. ते गणित घ्या."

तिकीट २३६ रुपयांचं. त्यात १८ टक्के जीएसटी ३६ रुपये, उरले २००. हिंदीत मल्टिप्लेक्सशी रूढ झालेली वाटणी अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. म्हणजे त्याच तिकिटातून आधी १००, मग ८५, मग ७५, मग ६०. मराठीत बोलणी वेगळी होतात, पण उतरण तीच. यातून डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं जातं, वितरकाचं कमिशन जातं, जाहिरात जाते, आणि शेवटी निर्मात्याचा हिस्सा.

"आता बाई सिनेमाला कशी जाते ते बघा. तरुण मुलगा शुक्रवारी सकाळी मनात आलं की जातो. चाळीशीतली बाई मैत्रिणींना विचारते, मुलांच्या परीक्षा बघते, घरच्यांचं जेवण करून ठेवते, भिशीच्या दिवशी ठरवते, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या आठवड्यात जाते. 'बाईपण'ची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त होती, ती यामुळेच. पण त्या चित्रपटाला मागे मोठी कंपनी होती, म्हणून खेळ टिकले. ज्याच्या मागे कुणी नाही त्याला शुक्रवारी दोन खेळ मिळतात, एक सकाळी साडेनऊचा, एक रात्री पावणेअकराचा. या दोन्ही वेळांना ती बाई घराबाहेर पडू शकत नाही. सोमवारी आकडे बघतात, प्रेक्षक नाही म्हणतात, आणि बुधवारी खेळ काढतात. प्रेक्षक होता. दुपारी बारा ते तीनमध्ये होता."

२०१५ मध्ये मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्सांत दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ द्यायचं सरकारने ठरवलं, ते यासाठी मोलाचं, असं अण्णांचं ठाम मत. ताईला ते अपुरं वाटलं, कारण नऊ तासांच्या त्या पट्ट्यात नेमकी वेळ कोण ठरवणार?

"म्हणून बाई दिग्दर्शकाला दुसरा चित्रपट मिळत नाही," मिनू म्हणाली. तिच्या मते खरी मोजणी तिथे व्हायला हवी. पहिला चित्रपट घरचे पैसे, मित्र, फंड यांतून होतो. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाने बायकांसाठी योजना काढली, चित्रपटामागे दीड कोटी रुपये. त्यातून तारा रामानुजन यांचा 'निषिद्धो', श्रुती शरण्यम यांचा 'बी ३२ मुतल ४४ वरे', शिवरंजिनी यांचा 'व्हिक्टोरिया' असे चित्रपट आले. पायल कपाडियाने फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली असे देश जोडून पैसे उभे केले. तसे फंड घेतले की प्रत्येक देशाच्या अटी येतात, त्यांचा पैसा बऱ्याचदा त्यांच्याकडेच खर्च करायचा, मिक्सिंग इथे, रंगसंस्कार तिथे, आणि वर्षं जातात. रीमा दास यांनी आसामात छायगावला 'व्हिलेज रॉकस्टार्स' स्वतः लिहिला, चित्रित केला, कापला, निर्मितीही केली, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

"रीमा दास यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे," ताई म्हणाली, "पण पाच माणसांचं काम एकटीने करावं लागणं हा रस्ता म्हणून कुणाला सांगू नये."

सेन्सॉरवर फार बोलणं झालं नाही. संध्या सुरींचा 'संतोष' ब्रिटनने ऑस्करला पाठवला आणि तो अंतिम पंधरांत पोहोचला; आपण त्या वर्षी पाठवलेला किरण रावांचा 'लापता लेडीज' तिथवर गेला नाही. 'संतोष' हिंदीत आहे, नायिका महिला पोलीस, आणि २०२५ मध्ये बोर्डाने तो इथे अडवला. पूर्वी अशा वेळी अपील न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. आता सरळ उच्च न्यायालय, म्हणजे वकील, तारखा, आणि तोवर जाहिरातीचे पैसे वाया. २०२४ च्या नियमांत बोर्डावर निदान एक तृतीयांश बायका हव्यात असं आलंय, तेवढी गोष्ट चांगली झाली, असं पक्या म्हणाला. त्यावर कुणी वाद घातला नाही.

मिनूचं पहिलं वाक्य तोवर बदललं होतं, पण तिने ते सोडलं नव्हतं. "बाईने काढला" याऐवजी "बायकांनी मिळून काढला" म्हणते, म्हणाली. साउंडला बाई, संकलनाला बाई, आणि खेळाची वेळ ठरवताना बाई. अण्णांना 'बाईपण'चं उत्तर अजून मिळालं नव्हतं, ते त्यांनी दोनदा बोलून दाखवलं.

निघताना मिनूने विचारलं, पुढच्या महिन्यात एखादा असा छोटा चित्रपट लागला आणि दुपारचा खेळ मागायचा असेल, तर करायचं काय?

"ऐंशी-नव्वद जणींची यादी कर," अण्णा म्हणाले. "नुसती नावं नको, पैसे आधी जमव, थिएटरवाला आश्वासनावर खेळ लावत नाही. लहान पडदा माग, भरलेला दिसतो. शनिवार-रविवार मागू नकोस, मंगळवार किंवा बुधवार माग, तेव्हा त्यांनाही गरज असते. आणि तिकीटखिडकीवर जाऊ नकोस. त्या साखळीत प्रोग्रामिंग बघणारा माणूस असतो, त्याला फोन कर, सोमवारी दुपारच्या आत. संध्याकाळपर्यंत पुढच्या आठवड्याचा तक्ता भरायला घेतात."

मिनूने ते मोबाइलवर टिपून घेतलं आणि पक्याला विचारलं, कापडी चिकटपट्टी किती रुंदीची.

"एक इंच. आणि कात्री सोबत ठेव."