संग्रहालयातील मडके आणि आजीचा मासा

वस्त्रकलेच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने संग्रहालयात जाऊन वस्तूंची रेखाटने करावीत आणि त्यांतून कापडावरची नक्षी घडवावी, असा एक निरुपद्रवी दिसणारा विषय असतो. तो ठरवणाऱ्यांनी मे महिन्यातल्या खानदेशात, पंखा फक्त तिकीटखिडकीपुरता फिरत असलेल्या दालनात, काचेच्या कपाटासमोर फरशीवर बसून चित्र काढले असावे, असे मला वाटत नाही.

मी निवडले ते सावळद्याच्या संस्कृतीचे मडके. तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव मिळालेली ही ताम्रपाषाणयुगीन भांडी साधारण इ. स. पू. 2000 च्या आसपासची असून त्यांच्यावर काळ्या रंगात बाण, काटेरी भाले अशी हत्यारे रंगवलेली आढळतात. त्यांच्यासमोर कोणी थांबत नाही. मी वही उघडली, की मात्र सगळे थांबतात. मडक्याकडे पाठ करून माझ्या वहीत पाहतात. एकदा एका शाळेची सहल आली आणि गुरुजींनी मुलांना शेजारच्या कपाटातली नाणी दाखवल्यावर त्याच सुरात, "आणि या ताई अभ्यास करीत आहेत," असे सांगितले. मुलांनी मला नाण्यांपेक्षा जास्त वेळ दिला. पहारेकऱ्याने आधी माझे बॉलपेन काढून घेतले (हे योग्यच, शाईचा डाग पुरातन वस्तूवरून निघत नाही), परवानगीचे पत्र दोनदा वाचले आणि मग टीकाकाराची जागा पटकावली. डावीकडचा भाला जाड झाला आहे, हे त्याचे मत दुर्दैवाने बरोबर होते.

खरी परीक्षा घरी सुरू होते. मडके गोल आणि कापड सपाट. त्यामुळे पोटावर डौलाने वळलेली रेषा कागदावर उलगडली, की तिचा डौल नाहीसा होतो. मग नक्षीची पुनरावृत्ती बसवायची. सरळ ओळीत मांडली तर कापडावर आडवे पट्टे दिसू लागतात, म्हणून शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा, ज्याला आम्ही हाफ ड्रॉप म्हणतो. शेवटी विणकामासाठी ग्राफ पेपर. तिथे प्रत्येक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा यांची भेट असल्याने तिरकी रेषा काढताच येत नाही, पायऱ्या काढाव्या लागतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात काढलेला बाण माझ्याकडे जिना होऊन आला.

त्यावर मार्गदर्शक मॅडमची अट अशी, की प्रेरणा जाणवली पाहिजे, पण मडके दिसता कामा नये. (अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रात हंसांच्या नक्षीचे वस्त्र आहे, त्यात हंस अगदी हंसासारखे दिसतात आणि त्याबद्दल आजवर कोणी गुण कापलेले नाहीत. हे मी मनात म्हटले.) मडके घालवण्यासाठी मी भाले बारीक केले, बाण उलटे केले आणि नमुना छापून सुट्टीत शहाद्याला नेला. आजीने तो खांद्यावर टाकला, आरशात पाहिला आणि विचारले, "इतला हत्यारं अंगवर लिसन लगीनले कोन जाई?" नंतर थोडा विचार करून, भाले मासे मारायचेच असतील तर मासा कुठे आहे, अशी शास्त्रशुद्ध शंका काढली आणि माझ्याच पेन्सिलीने काठाशी एक गुबगुबीत मासा काढून दिला.

तो मासा मी तसाच ठेवला. मॅडमना संपूर्ण नमुन्यात तेवढाच आवडला. त्याला गती आहे, त्यात परंपरेचे भान आहे, असे सांगून त्यांनी त्याची नोंद स्वतंत्र तक्त्यात करायला लावली. त्या तक्त्यात मूळ वस्तूचा काळ आणि प्राप्तिस्थान असे दोन रकाने भरणे सक्तीचे असते. मी पहिल्यात 'विद्यमान' आणि दुसऱ्यात 'शहादा, स्वयंपाकघर' असे लिहून तक्ता जमा केला.